सेसना 172 चे घरगुती सराव-कॉकपिट: सोलापुरातील कामाच्या नोंदी

22 जून 2025, रविवार

माझ्या उड्डाण प्रशिक्षणाचे 31 तास पूर्ण झाले आहेत आणि पहिली सोलो (एकटीने केलेली) फेरीही झाली आहे. मात्र शुल्काचा पुढचा हप्ता दिवाळीच्या सुमारासच जमणार असल्यामुळे मी चार महिन्यांसाठी घरी परतले आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला एकूण 200 तास लागतात, म्हणजे 169 तास अजून बाकी आहेत, आणि आमच्या संस्थेत सेसना 172 या छोट्या प्रशिक्षण-विमानाचा एक तास 14,000 रुपयांना पडतो. परतल्यावर पहिले दोन-तीन तास जर विसरलेले हातवळण पुन्हा बसवण्यातच गेले, तर ते पैसे बाबांच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढे होतात. त्यासाठी घरात सरावाचे कॉकपिट बांधायचे ठरवले आहे.

अशा घरगुती साधनावर केलेला एकही तास लॉगबुकात लिहिता येत नाही, हे इथे आधीच स्पष्ट लिहून ठेवते. माझे उद्दिष्ट एवढेच आहे की चेकलिस्ट, रेडिओवरचे बोलणे, उपकरणांवरून नजर फिरवण्याची सवय आणि इंजिन बंद पडल्यावरची क्रिया हातात टिकून राहावी. संगणक आणि एक्स-प्लेन ही पडद्यावर उड्डाणाचा आभास देणारी प्रणाली घरात आहे, आणि तिच्यात आमच्याच प्रकारचे सेसना 172 मिळते. उरलेल्या कामासाठी 15,000 रुपयांची मर्यादा ठरवली आहे.

मे महिन्यात परवानगी घेऊन मी विमानात टेप लावून आसनापासून पेडलपर्यंतचे अंतर, दोन पेडलांमधील अंतर, योकची (विमान वळवण्याच्या आणि नाक वर-खाली करण्याच्या चाकाची) उंची आणि थ्रॉटलची (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या दांड्याची) जागा अशी मापे घेतली होती. ती वही आता कामी येईल.

29 जून 2025, रविवार

बाबा अक्कलकोट रस्त्यावरच्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत. माग बंद पडला की तो चालू करून देणे हा त्यांचा तीस वर्षांचा व्यवसाय आहे, त्यामुळे लोखंडी कामाची मला मुळीच काळजी नव्हती. सोलापुरात जुने माग किलोवर भंगारात निघतात; त्यातूनच चौकोनी पाइप 14 किलो, 45 रुपये दराने, 630 रुपयांना मिळाला. चार नवे 6204 बेअरिंग 560 रुपये, वेल्डिंगचे 500 रुपये आणि जुन्या मोटारीचे पुढे-मागे सरकणारे आसन 1,200 रुपये असा आजवरचा खर्च 2,890 रुपये झाला आहे.

रडर (शेपटीचा उभा हलता भाग, जो नाक डावी-उजवीकडे वळवतो) हलवणारी पेडल आधी बनवली, कारण ती सर्वांत अवघड आहेत. एक पाय पुढे गेला की दुसरा तेवढाच मागे आला पाहिजे, आणि पाय सैल सोडल्यावर दोन्ही मध्यावर परतली पाहिजेत. बाबांनी मधोमध एक आडवी पट्टी बेअरिंगवर बसवली, तिच्या दोन टोकांना पेडलांचे दांडे जोडले आणि प्रत्येक पेडलाला स्वतंत्र परतीची स्प्रिंग दिली. या दोन्ही स्प्रिंगा एका जुन्या मागाच्या आहेत. त्यांची लांबी सारखी होती, म्हणून आम्ही त्यांच्या ताणाची तपासणी केली नाही. दोन रविवार लागतील असे वाटले होते, पण काम एकाच दिवसात झाले.

6 जुलै 2025, रविवार

या आठवड्यातील चूक पूर्णपणे माझी आहे. पेडल, योक आणि थ्रॉटलची हालचाल संगणकाला कळवण्यासाठी मी 550 रुपयांचा आर्डुइनो उनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट-बोर्ड आणला आणि सलग तीन रात्री त्याच्यामागे घालवल्या. संगणक त्याला जॉयस्टिक म्हणून ओळखतच नाही, कारण त्याच्यावरची मुख्य चिप यूएसबीशी थेट बोलत नाही. आर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो यांच्यावर असलेली 32यू4 चिप मात्र हे काम सहज करते. पुण्याहून 750 रुपयांना प्रो मायक्रो मागवला, आणि तो आल्यावर अर्ध्या तासात संगणकाच्या पडद्यावर जॉयस्टिकचे नाव दिसू लागले. हे काम करणाऱ्यांनी खरेदीपूर्वी चिपचा क्रमांक वाचावा.

20 जुलै 2025, रविवार

पेडलाचा कोन मोजण्यासाठी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून 35 रुपयांचे 10 किलोओहमचे सहा पोटेन्शिओमीटर (फिरवल्यावर विजेचा रोध बदलणारे भाग) आणले होते. जोडल्यावर विचित्र प्रकार दिसला. उजवे पेडल थोडेसे दाबले तरी पडद्यावरचे रडर एकदम वळत असे, आणि डावे तेवढेच दाबले तर ते जेमतेम हलत असे. मी दोन दिवस प्रोग्राममध्ये चूक शोधत बसले. अखेर पोटेन्शिओमीटरच्या अंगावरची खूण पाहिली, तर ती ए10के होती. हा प्रकार आवाज कमी-जास्त करण्यासाठी असतो. आपल्या कानाला आवाजाची वाढ जशी जाणवते त्या प्रमाणात त्याचा रोध बदलतो, आणि म्हणून फिरवण्याच्या सुरुवातीला व शेवटी त्याचे वागणे वेगळे असते. आपल्याला सरळ प्रमाणात बदलणारा, म्हणजे बी10के खुणेचा हवा असतो. तो 40 रुपयांना मिळतो. मी चार घेतले.

त्यानेही काम पूर्णपणे साधले नाही. पोटेन्शिओमीटर एकूण सुमारे 300 अंश फिरतो, माझ्या पेडलाची पट्टी मात्र 40 अंशच फिरते. प्रो मायक्रो पूर्ण फिरकीचे 1,024 भाग करतो, त्यांपैकी माझ्या वाट्याला जेमतेम 137 येतात. शिवाय संपर्क घासला गेला की आकडा थरथरतो आणि विमानाचे नाक जागच्या जागी डुलत राहते. हे डुलणे त्रासदायक वाटल्याने मी एक्स-प्लेनमधील स्थैर्य-सहाय्याचा सरकपट्टा अर्ध्यापर्यंत वाढवून ठेवला. नोंद म्हणून लिहिते आहे.

27 जुलै 2025, रविवार

पोटेन्शिओमीटर काढून 49ई हॉल सेन्सर (चुंबकाची हालचाल ओळखणारे) बसवले. चार सेन्सरांचे 240 आणि छोट्या चुंबकांचे 200 रुपये झाले. चुंबक पट्टीच्या आसावर आणि सेन्सर त्याच्यासमोर स्थिर ठेवला की दोघांचा स्पर्श होत नाही, त्यामुळे झिजण्यासारखे काही उरत नाही. पहिल्या जोडणीत पेडलाचा लोखंडी दांडा सेन्सरच्या अगदी जवळून जात होता आणि त्याच्या हालचालीने आकडा बिघडत होता. सेन्सर ॲक्रिलिकच्या तुकड्यावर घेऊन दोन इंच दूर नेल्यावर तो स्थिरावला.

थ्रॉटल आणि मिक्श्चर (इंधन आणि हवेचे प्रमाण ठरवणारे) यांचे दांडे विमानात आत-बाहेर सरकतात, म्हणून ते पितळी बुशात बसवले आणि सवयीप्रमाणे भरपूर ग्रीस लावले. चार दिवसांत दोन्ही दांडे जड झाले. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून मागांचे शेड आहे, आणि हवेत कापसाची बारीक धूळ कायम असते. ती ग्रीसमध्ये बसून लगदा तयार झाला होता. बाबांनी तो लगदा बोटावर घेऊन पाहिला आणि म्हणाले, "मागावर आपण पुसून पुसून तेल देतो ते याचसाठी, बाळा. इथे तेलाचे कामच ठेवू नकोस." होटगी रस्त्यावरच्या लेथवाल्याकडून नायलॉनचे बुश 600 रुपयांना करून घेतले आणि ते कोरडेच ठेवले. दांडे आता सुरळीत सरकतात, आणि सोडल्या जागी थांबतातही. योकसाठी प्लायवूड व इतर सामान 1,100 रुपये आणि ड्रॉवरचे चॅनेल 380 रुपये मिळून आजवर 7,080 रुपये खर्च झाले आहेत.

10 ऑगस्ट 2025, रविवार

स्विचांचे 900 रुपये झाले. मॅग्नेटोच्या (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या दोन यंत्रांच्या) किल्लीच्या पाच जागा असतात: बंद, उजवा, डावा, दोन्ही आणि स्टार्ट. यातली स्टार्टची जागा किल्ली सोडताच मागे परतणारी असली पाहिजे. मी सुरुवातीला स्टार्टसाठी वेगळे बटण दिले होते, पण दोन दिवसांतच हात बटणाकडे जाऊ लागला. विमानात ते बटण नाही, म्हणून ते काढून परतीचा स्विच शोधून बसवला. चुकीची सवय लागायला किती कमी वेळ पुरतो, हे तेव्हा प्रथम लक्षात आले.

आज या कॉकपिटवर पहिले पूर्ण उड्डाण केले. सोलापूर विमानतळाची 33 क्रमांकाची धावपट्टी घेतली. टेक-ऑफनंतर नाक खाली दाबण्यासाठी ट्रिमचे (नाकाचा कल टिकवून धरणारे) चाक पुढे फिरवले, तर नाक आणखी वर गेले. दोन तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. पाच मिनिटांचेच काम होते. ते होईपर्यंत वीज गेली आणि सगळ्या अक्षांची जुळवणी पुसली गेली. हे तिसऱ्यांदा झाल्यामुळे 3,200 रुपयांचा यूपीएस घेतला. जुना मोठा मॉनिटर 3,500 रुपयांना मिळाला. एकूण खर्च 14,680 रुपये.

24 ऑगस्ट 2025, रविवार

गेले दोन आठवडे रोज रात्री नऊ ते साडेदहा सराव चालू आहे. त्याचा क्रम ठरलेला आहे.

पहिली वीस मिनिटे संगणक बंद असतो आणि फक्त हात फिरतात. उड्डाणात इंजिन बंद पडले तर 68 नॉटचा वेग धरायचा, मग इंधनाचा शट-ऑफ वाल्व आत, इंधनाचा सिलेक्टर दोन्ही टाक्यांवर, सहायक पंप चालू, मिक्श्चर पूर्ण, मॅग्नेटो दोन्हीवर. पहिल्या दिवशी मोबाइलवर वेळ लावली तेव्हा मला 38 सेकंद लागले होते, काल 14 लागले. शट-ऑफ वाल्वची मूठ माझ्या पॅनेलवर नव्हती. तिच्या जागी मी केवळ बोट टेकवत असे. ते थांबवून मागाच्या जुन्या बॉबिनची मूठ तिथे बसवली, कारण हाताला ओढण्या-ढकलण्याची जागा खरोखर सापडली पाहिजे.

त्यानंतर रेडिओ. धाकटी बहीण टॉवर होते आणि वहीतून सूचना वाचते. 9 जूनला होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याचे विमान सुरू झाल्यापासून तिला या विषयाची गोडी लागली आहे, आणि ती मुद्दाम वेगाने वाचते. धावपट्टीचा क्रमांक, क्यूएनएच (उंचीमापक जुळवण्यासाठी सांगितलेला हवेचा दाब) आणि परवानगीचे शब्द जसेच्या तसे परत म्हणायचे असतात. ते मी रेकॉर्ड करून ऐकते. पहिल्या आठवड्यात दर पाचांपैकी दोन वेळा मी क्यूएनएच परत सांगायचे विसरत होते. हात विमानात गुंतलेले असताना हे घडते. खुर्चीत नुसते बसून म्हटले तर एकही चूक होत नाही. म्हणून रेडिओचा सराव उडतानाच करावा असे माझे ठाम मत झाले आहे.

उरलेल्या वेळात सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या, उडवते. एका रात्री तापमान 42 अंश ठेवून पाहिले, कारण आमच्याकडचा मे महिना तसाच असतो. सोलापूर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1,600 फुटांवर आहे. त्या उंचीवर प्रमाण तापमान 12 अंशांच्या आसपास येते, म्हणजे हवा 30 अंशांनी अधिक तापलेली आहे. दर अंशाला 120 फूट धरले तर घनता-उंची, म्हणजे विमानाला हवा जितक्या उंचीवरची भासते ती, 5,200 फुटांवर जाते. हे गणित मी परीक्षेसाठी अनेकदा केले होते, पण धावपट्टीवर विमान नेहमीच्या सव्वापट अंतर धावूनही चाके सोडत नाही हे पाहिल्यावर ते मनात बसले.

28 सप्टेंबर 2025, रविवार

या आठवड्यात संस्थेत जाऊन एक तास उडण्याचे ठरले होते. पैशांची सोय मामांनी केली होती. मात्र सीनेच्या पुरामुळे पुण्याकडचा रस्ता बंद झाला आणि जाणे पुढे ढकलावे लागले. सरावही चार दिवस झाला नाही, कारण आमचे नातलग मोहोळ तालुक्यातले आहेत आणि त्यांचे सामान हलवण्यासाठी आम्ही सगळे गेलो होतो.

12 ऑक्टोबर 2025, रविवार

काल उडाले. पाच महिन्यांनंतरचे उड्डाण असल्यामुळे प्रशिक्षक सर शेजारी होते.

इंजिन सुरू करण्यापासून धावपट्टीवर पोहोचेपर्यंतचे काम मला स्वतःलाच आश्चर्य वाटावे इतके नीट झाले. रेडिओवर एकही शब्द चुकला नाही. मग थ्रॉटल पूर्ण आत ढकलला आणि विमान डावीकडे सरकू लागले. पूर्ण शक्तीवर विमान डावीकडे ओढते आणि उजवा पाय द्यावा लागतो, हे मला पहिल्या तासापासून माहीत आहे, आणि मी पाय दिलाही होता. तरी नाक डावीकडेच जात राहिले. 55 नॉटला चाके उचलेपर्यंत मध्यरेषा आमच्या उजवीकडे दोन-तीन मीटरवर गेली होती. सर म्हणाले, "उजवा पाय आहे का गं तिथे?" मी म्हणाले, "आहे सर." त्यांनी स्वतःचा पाय दाबला तेव्हा माझे पेडल माझ्या पायाखालून आणखी पुढे गेले. चढतानाही बॉल (विमान तिरके सरकते आहे का हे दाखवणारी उपकरणातली गोळी) उजवीकडेच होता. तिन्ही टेक-ऑफमध्ये हेच झाले. मे महिन्यात ही चूक माझ्याकडून होत नव्हती.

उतरताना दुसरी अडचण आली. मी विमान फार उंचावर सावरू (टेकण्यापूर्वी नाक वर घेऊ) लागले, आणि एकदा सरांनी शक्ती वाढवून पुन्हा फेरी मारायला लावली.

घरी येईपर्यंत, तीन तासांच्या एसटी प्रवासात, मी एवढाच विचार करत होते की ही चूक मी कुठे शिकले.

14 ऑक्टोबर 2025, मंगळवार

कारण सापडले. बाबांनी हुकाचा वजनकाटा आणला आणि पेडलांना एकेक करून लावला. डावे पेडल शेवटपर्यंत न्यायला साडेसहा किलोचा जोर लागतो, उजवे चार किलोतच जाते. उजवीकडची स्प्रिंग मागावर वर्षानुवर्षे काम करून मरगळलेली होती. पडद्यावर मध्य बरोबर दिसत होता, कारण तो मी प्रोग्राममध्ये जुळवून घेतला होता, आणि त्यामुळेच हा दोष दिसला नाही. पायाने पेडल किती सरकले हे लक्षात ठेवले नव्हते, किती जोर द्यावा लागतो हे ठेवले होते; आणि दोन महिने त्याने हलका जोर पुरेसा असल्याचे शिकून घेतले. विमानात जमिनीवर पेडल पुढच्या चाकालाही वळवतात, म्हणून तिथे जोर अधिकच लागतो.

दुसरे कारण 20 जुलैच्या नोंदीत सापडले. स्थैर्य-सहाय्याचा सरकपट्टा अजून अर्ध्यावरच होता. हॉल सेन्सर बसवल्यावर थरथर संपली होती, तरी मी तो शून्यावर आणायला विसरले. म्हणजे टेक-ऑफच्या वेळी विमान जितके डावीकडे ओढायला हवे तितके ओढतच नव्हते. तो पट्टा शून्यावर नेऊन पहिलाच टेक-ऑफ केला, आणि परवाच्या उड्डाणासारखीच डावीकडे गेले.

हे वाचून वाईट वाटेल असे काही नाही, पण मला दोन दिवस वाटले. बाबांना तर स्प्रिंगेचे माझ्याहून अधिक लागले. "लांबी पाहिली, ताण नाही पाहिला," असे ते जेवताना दोनदा म्हणाले.

26 ऑक्टोबर 2025, रविवार

एकाच मापाच्या दोन नव्या स्प्रिंगा 440 रुपयांना करून घेतल्या. बसवण्यापूर्वी दोन्ही वजनकाट्यावर ओढून पाहिल्या. दोन्ही पेडले आता साडेआठ ते नऊ किलोला शेवटपर्यंत जातात. एकूण खर्च 15,120 रुपये झाला. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा 120 रुपये अधिक झाले आहेत आणि त्यांपैकी 920 रुपये उनो आणि दोन्ही प्रकारच्या पोटेन्शिओमीटरांवर वाया गेले. वाया गेलेल्या वेळाचा हिशेब मात्र मोठा आहे: उनोच्या तीन रात्री, ए10केचे दोन दिवस, आणि चुकीच्या पायाने केलेला दोन महिन्यांचा सराव.

उंचावर सावरण्याची चूक आसनामुळे झाली. मे महिन्यात मी सगळी मापे घेतली, पण आसनापासून डोळ्यांची उंची आणि पॅनेलची वरची कड यांतले अंतर घेतले नाही. 11 तारखेला विमानातून उतरण्यापूर्वी ते मोजून आणले, तर घरात मी नऊ सेंटिमीटर खाली बसत होते. कड डोळ्यांच्या फार जवळ येत असल्यामुळे धावपट्टी दिसेनाशी होऊ नये म्हणून मी लवकर सावरत होते. आसनाखाली लाकडी ठोकळे दिले.

तरीही उतरण्याचा शेवटचा भाग घरी करायचा नाही असे मी ठरवले आहे. जमीन जवळ येताना नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे जाते आणि कडेने सरकणाऱ्या जमिनीवरून उंची कळते. एका मॉनिटरवर कडेची जमीन दिसतच नाही. ठोकळे देऊन ही उणीव भरत नाही. म्हणून जमिनीपासून 200 फुटांवर आले की मी थ्रॉटल पूर्ण देऊन पुन्हा फेरी मारते. पुन्हा फेरी मारण्याचा सरावही त्यामुळे आपोआप होतो, आणि तो प्रत्येक विद्यार्थ्याचा कमीच पडलेला असतो.

9 नोव्हेंबर 2025, रविवार

हप्ता भरला आणि काल दोन फेऱ्यांत 1 तास 20 मिनिटे उडाले. पहिल्या टेक-ऑफला थ्रॉटल देताना पाय आपणहून पुढे गेला. मध्यरेषा नाकाखालीच राहिली. दुसऱ्या फेरीत सरांनी काही न सांगता थ्रॉटल मागे ओढला. वेग धरून, शेत निवडून, सिलेक्टरपासून मॅग्नेटोपर्यंत हात पोहोचला तेव्हा ते घड्याळाकडे पाहत होते. सेकंद त्यांनी सांगितले नाहीत, थ्रॉटल परत दिला. उतरणे अजून कच्चे आहे. चारपैकी दोन ठीक झाली.

परत आल्यावर दोन्ही स्प्रिंगा पुन्हा काट्यावर ओढून पाहिल्या. डावी 8.7 किलो, उजवी 8.6 किलो. बाबांनी हे आकडे पेडलाच्या चौकटीवर खडूने तारखेसह लिहिले आहेत, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्याखाली नवे आकडे लिहायचे ठरले आहे.